परदेशी कंपनीचे उपकरण घेताना शंका कशी तपासावी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका अपार्टमेंटच्या सभेत मागे कॅमेऱ्यांवरून दीड तास वाद झाला. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे जुना डीव्हीआर, बंद पडला होता आणि नवा संच घ्यायचा होता. एका सभासदांचे म्हणणे, चिनी माल दारातसुद्धा नको. दुसऱ्यांचे म्हणणे, आमच्या जिन्यात कुणी पाहावे असे आहे तरी काय. अखेर देशी नावाचा संच मंजूर झाला. तो बसवताना मी डीव्हीआरचे चार स्क्रू काढून झाकण उघडले, तेव्हा ज्या देशावरून दीड तास गेला होता त्याच देशातली मुख्य चिप आतल्या बोर्डावर बसलेली दिसली, आणि मोबाइलवर कॅमेरे दाखवणारे अ‍ॅपसुद्धा तिथल्याच कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालत होते. पहिल्या गृहस्थांनी फक्त स्टिकर पाहिला होता आणि दुसऱ्यांनी फक्त जिना.

शहरातील दुकाने, पतसंस्था आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या वसाहतींतील कारखाने यांच्या संगणकजोडणीची कामे करताना हाच प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत विचारला जातो: परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांबद्दलची भीती खरी की उगाच? माझे उत्तर असे, की भीती बहुतेक वेळा खरी असते, पण धरलेली चुकीच्या जागी असते. ती योग्य जागी कशी धरावी, याची मी स्वतः वापरतो ती रीत पुढे मांडतो.

भीती नेमकी कशाची, हे आधी लिहून काढावे

‘धोका’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचे एकही पाऊल नीट पडत नाही. पहिली, कोणी चोरून पाहील किंवा ऐकेल. दुसरी, कोणी दूर बसून आपली चालू सेवा बंद करेल. तिसरी, वस्तूच इतकी कच्ची बांधलेली असेल की कंपनीचा काही वाईट हेतू नसतानाही भलताच माणूस तिच्यातून आत शिरेल. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कागदावर तीन रकाने आखून आपल्या बाबतीत कोणता किती भरतो ते प्रामाणिकपणे लिहावे.

पहिल्या रकान्यासाठी चीनकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि तिला आधारही आहे. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याच्या सातव्या कलमाने तिथल्या संस्थांवर आणि नागरिकांवर सरकारी गुप्तचर कामात साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. कंपनी कितीही सज्जन असली तरी तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय फारशी राहत नाही. पण या विषयातील सर्वांत धडधडीत उदाहरण चीनचे नाही. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक देशांच्या सरकारांना गुप्त संदेश पाठवण्याची यंत्रे विकत असे, आणि तिच्या गिऱ्हाइकांत भारतही होता आणि पाकिस्तानही. १९७० पासून ही कंपनी अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तचर संस्थांच्या छुप्या मालकीची होती, हे फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी आणि जर्मन पत्रकारांनी उघडकीस आणले. तटस्थ देश, घड्याळासारखी नेटकी यंत्रे आणि मालक मात्र भलतेच. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या क्लाउड कायद्यानुसार अमेरिकी कंपनीकडची माहिती परदेशातल्या सर्व्हरवर असली तरी तिथल्या तपास यंत्रणा कायदेशीर आदेशाने ती मागू शकतात. तेव्हा ‘कोणत्या देशाची कंपनी’ हा प्रश्न विचारावाच, पण त्याच्या जोडीला ‘त्या देशाचा कायदा तिला काय करायला लावू शकतो’ आणि ‘तिचा खरा मालक कोण’ हे दोन प्रश्न विचारावेत, आणि ते सर्वच देशांना सारखे लावावेत.

दुसऱ्या रकान्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा तिच्यात मोठा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या कंपनीचे ईमेल आणि टीम्स थांबवले. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण त्या दिवसांत भारतात चालणाऱ्या, पैसे वेळेवर भरणाऱ्या कंपनीला स्वतःचीच पत्रे उघडता येत नव्हती. यात हेरगिरी कुठेच नाही आणि कुणी कायदाही मोडलेला नाही. कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली की असे होऊ शकते.

तिसरा रकाना, म्हणजे ढिसाळ बांधणी, हा माझ्या अनुभवात सर्वांत भरगच्च असतो. ह्युआवे या चिनी दूरसंचार कंपनीच्या उपकरणांची तपासणी करण्यासाठी ब्रिटनने २०१० पासून बॅनबरी येथे खास केंद्र चालवले होते. त्याच्या देखरेख मंडळाने २०१९ च्या अहवालात कंपनीच्या सॉफ्टवेअर बांधणीत गंभीर दोष असल्याचे नोंदवले, आणि त्याच वेळी ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राचे मत असे होते की हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आलेले नाहीत. पुढे जुलै २०२० मध्ये, २०२७ अखेरपर्यंत ५-जी जाळ्यातून ह्युआवेची उपकरणे काढावीत असा निर्णय ब्रिटनने घेतला, तो मुख्यतः अमेरिकी निर्बंधांनंतर त्या कंपनीला चिप कुठून आणि कशा मिळतील याची खात्री उरली नव्हती म्हणून. म्हणजे एकाच कंपनीबद्दलच्या वादात कच्ची बांधणी, पुरवठ्याची अनिश्चिती आणि हेरगिरीची शंका या तिन्ही गोष्टी होत्या, आणि बातम्यांत मात्र बहुधा शेवटचीच उरली.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण विसरण्यासारखे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली, आणि तिने ‘हो’ म्हटले की कार्ड खोटे असूनही यंत्रे नोटा मोजून देत राहिली. २८ देशांत अशा रीतीने पैसे काढले गेले, आणि त्या खोट्या कार्डांपैकी काही कोल्हापुरातील एटीएमवरही वापरली गेली. जिल्ह्यातल्या ज्या सहकारी संस्था परदेशी सॉफ्टवेअर घ्यावे की न घ्यावे यावर ठराव करतात, त्यांनी आपल्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे हेही एकदा इतिवृत्तात मांडावे, असे मला राहून राहून वाटते.

वस्तू समोर ठेवून तिला चार प्रश्न विचारावेत

रकाने भरून झाले की प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे. ती काय पाहते किंवा काय साठवते? ती बाहेर कोणाशी बोलते? दूर बसून तिच्यात कोण बदल करू शकतो? आणि बाहेरची जोडणी तोडली तर ती चालते का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर विक्रेत्याला न विचारता, वायर काढून स्वतः मिळवता येते.

शिरोलीतील एका मशीन शॉपमध्ये हाच प्रश्न विचारताना घडलेली गोष्ट सांगतो. तिथे परदेशी बनावटीचे एक व्हीएमसी मशीन, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारे यंत्र, होते. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही असे मालकांचे ठाम मत होते, कारण लॅनची वायर त्याला कधी जोडलीच नव्हती. विजेचे पॅनेल उघडले तेव्हा आत, रिलेच्या रांगेच्या टोकाला, साबणाच्या वडीएवढा एक मोडेम बसवलेला दिसला. त्यात सिमकार्ड होते आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. चौकशीत समजले की मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरने वॉरंटीच्या काळात दुरून बिघाड तपासता यावा म्हणून तो लावला होता. वॉरंटी संपून दोन वर्षे झाली होती, पण सिम चालूच होते, आणि त्या मशीनच्या मेमरीत एका मोठ्या वाहन कंपनीच्या सुट्या भागांचे प्रोग्रॅम होते. ते कोणी पाहिले असा काडीचाही पुरावा आम्हाला मिळाला नाही, आणि मी तसा आरोपही करत नाही. आम्ही सिम काढले, मशीन पूर्वीसारखेच चालले. आता ते सिम मालकांच्या टेबलाच्या खणात पाकिटात असते. दुरुस्तीसाठी गरज पडली तर पुरवठादाराशी फोनवर बोलत असताना घालायचे आणि काम संपले की काढायचे, असा रिवाज ठरला आहे. मशीन परदेशी असल्याने जो धोका होता, तो मशीन न बदलता, एक पैसाही खर्च न करता गेला. छपरावरच्या सोलर इन्व्हर्टरला चिकटवलेल्या छोट्या वायफाय काडीबद्दलही असेच विचारावे, कारण वीज किती तयार झाली हे दाखवणारी तीच वाट उलट दिशेनेही वापरता येते.

वस्तू कोणाशी बोलते हे पाहायला फार मोठे ज्ञान लागत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. प्रत्येकाच्या मॅक पत्त्यातील (उपकरणाच्या नेटवर्क क्रमांकातील) पहिल्या सहा अंकाक्षरांवरून नेटवर्कचा तो भाग कोणी बनवला हे शोधता येते, आणि डब्यावरचे नाव व आतला उत्पादक वेगळे असतील तर ते इथे कळते. राउटरमध्ये डीएनएसची नोंद, म्हणजे उपकरणांनी इंटरनेटवर कोणत्या नावांचे पत्ते विचारले याची नोंद, ठेवण्याची सोय असेल तर ती एक रात्र चालू ठेवावी आणि सकाळी पाहावे, की सर्व जण झोपलेले असताना कॅमेऱ्याने कोणकोणती नावे विचारली. घड्याळ जुळवण्यासाठी किंवा अपडेट आहे का हे पाहण्यासाठी केलेली विचारणा स्वाभाविक असते, तिने घाबरून जाऊ नये. पण मोबाइलवरून कॅमेरे पाहण्याची सोय बंद केलेली असतानाही माहितीचा मोठा ओघ बाहेर जात असेल, तर ती वस्तू जोडणीवरून काढून ठेवावी.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत आता एक कागदही मागता येतो. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक कसोट्या लागू झाल्या असून केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी यंत्रणेकडून त्याची तपासणी होते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवावा. ‘साहेब, तेच आहे, फक्त शेवटचे अक्षर वेगळे आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

बातमी आली की काय करावे

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली टिकटॉक, शेअरइट, कॅमस्कॅनर यांसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हापासून अशा बातम्यांचा आपल्याकडे ओघ आहे. प्रत्येक बातमीमागे धावून सामान बदलत बसणे कोणालाच परवडणार नाही. मी अशा बातमीत दोनच गोष्टी शोधतो: दोष असलेली वस्तू कोणी टेबलावर मांडून दाखवली आहे का, आणि वर्षभराने त्या दाव्याचे काय झाले.

या चाळणीतून काय गळते आणि काय उरते ते पाहावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका नामांकित अमेरिकी वृत्तसंस्थेने लिहिले की सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हर बोर्डांवर चीनमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली गेली. अ‍ॅपल आणि अ‍ॅमेझॉन यांनी ते स्पष्टपणे नाकारले, आणि तशी चिप आजवर कोणी जाहीरपणे समोर ठेवलेली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, त्यामागे चिनी सायबर हल्ला असल्याची शंका राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. अशी माहिती ‘अनिर्णित’ म्हणून बाजूला ठेवावी. तिच्यावर खरेदी ठरवू नये आणि ती खोटी आहे असेही गृहीत धरू नये. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या चिनी कॅमेरा कंपनीने स्वतःच मान्य केले की तिच्या अनेक मॉडेलमध्ये असा दोष आहे, ज्यातून पासवर्डशिवायही ताबा घेता येतो, आणि दुरुस्तीचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, प्रसिद्ध केले. ही बातमी वाचून त्याच दिवशी जिना चढून डीव्हीआरपाशी जायला हवे होते. मी पाहिलेल्या जुन्या संचांपैकी कित्येकांत ते फर्मवेअर आजही घातलेले नाही, आणि त्यांचे मालक चीनबद्दल मात्र तावातावाने बोलतात.

कुंपण कसे घालावे

परदेशी वस्तू टाळणे आपल्या आवाक्यात नसते. तिला आपल्या घरात किती फिरू द्यायचे हे मात्र आपल्या हातात असते. पहिले काम पासवर्डचे. २०१६ मधील मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले, ते कोणत्याही अद्भुत विद्येने नव्हे, तर कारखान्यातून येणारी साठेक ठरलेली नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहून. संच बसवणारा माणूस जो पासवर्ड घालतो तोच त्याने गल्लीतल्या सर्वांकडे घातलेला असतो, हे लक्षात ठेवून तो गेल्यावर बदलावा.

दुसरे काम वेगळ्या खोलीचे. कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र, टीव्ही, सोलर इन्व्हर्टर असे सर्व एका जोडणीवर आणि हिशेबाचा संगणक, बँकेचे व्यवहार, ग्राहकांची ड्रॉइंग्ज दुसऱ्या जोडणीवर ठेवावीत. कारखान्यात हे व्हीलॅन (एकाच जाळ्याचे आपसात न बोलणारे भाग) आखून करावे. घरी किंवा दुकानात राउटरमधले पाहुण्यांसाठीचे वायफाय कॅमेऱ्यांना दिले तरी पुष्कळसे काम भागते. राउटरमधील यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय, बंद करावी आणि बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्यासाठी उघडून ठेवलेले पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाकावे. बाहेरून कॅमेरे पाहणे खरोखरच गरजेचे असेल तर व्हीपीएनची, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीची, वाट घ्यावी. बहुतेकांना ती गरज नसते. गावाला गेल्यावर दाराशी कोण आले हे पाहण्याची हौस असते, आणि हौसेची किंमत ज्याने त्याने ठरवावी.

अपडेटचा प्रश्न अवघड आहे, कारण रोग आणि औषध एकाच नळातून येतात. २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता आणि तो सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि त्यात कोणाचाच हल्ला नव्हता. तरीही अपडेट थांबवणे हा उपाय नाही. लहान संस्थेने कॅमेरे आणि राउटर लगेच अपडेट करावेत, हिशेबाच्या सर्व्हरवरचे अपडेट चार-पाच दिवस मागे ठेवून आधी एका साध्या संगणकावर चालवून पाहावे, आणि ज्या वस्तूला अपडेट येणेच बंद झाले आहे ती जोडणीवरूनच काढून टाकावी.

कुठे नाहीच म्हणावे

काही ठिकाणी मात्र कुंपण पुरत नाही. दूरसंचार जाळ्यांसाठी सरकारने १५ जून २०२१ पासून विश्वसनीय स्रोतांकडूनच उपकरणे घेण्याची अट घातली आहे, आणि देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश न पाळल्यामुळे २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे भारतीय ग्राहक घेण्यास काही काळ बंदी होती. तो निर्णय आपल्याला घ्यावा लागत नाही. आपल्या पातळीवर मी दोन ठिकाणी नाही म्हणतो. जिथे दर ठरतात, निविदा भरल्या जातात किंवा कर्जाची प्रकरणे बोलली जातात त्या खोलीत इंटरनेटवर चालणारा माइक किंवा कॅमेरा नको, मग तो कोणत्याही देशाचा असो. आणि कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय जी वस्तू सुरूच होत नाही, ती उत्पादनाच्या साखळीत नको.

क्लाउडबद्दल मात्र माझे मत थोडे उलटे आहे. माहिती परदेशी कंपनीकडे नको म्हणून शाहूपुरीतील एका व्यापाऱ्यांनी सर्व हिशेब तळमजल्यावरच्या संगणकात ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी व्हीनस कॉर्नर ओलांडून आत आले तेव्हा तो संगणक टेबलासकट बुडाला. धोका परदेशातून येण्याआधी नदीतून आला. म्हणून हिशेबाची एक प्रत क्लाउडवर कुलूपबंद करून, म्हणजे पाठवण्यापूर्वीच आपल्या पासवर्डने एन्क्रिप्ट करून ठेवावी, दुसरी हार्डडिस्कवर वरच्या मजल्यावर आणि तिसरी गावाच्या उंच भागातल्या नातेवाइकांकडे. नायरासारखी वेळ आली तर दुसरी उपयोगी पडते, महापूर आला तर पहिली.

घुसखोरी झालीच, तर कंपन्यांनी आणि संस्थांनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवावे असा एप्रिल २०२२ चा नियम आहे. त्यासाठीचा ईमेल आणि दूरध्वनी सर्व्हरच्या पासवर्डबरोबर नव्हे, भिंतीवर लावून ठेवावा, कारण त्या दिवशी संगणक उघडणार नसतो.

या साऱ्याची नोंद ठेवण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक उपकरणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो: वस्तू कोणाची, आत चिप कोणाची, बाहेर कोणाशी बोलते, फर्मवेअर कोणत्या तारखेचे, वायर काढली तर चालते की नाही. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रे पुसून, हळदीकुंकू लावून पूजा होते, पॅनेलची दारे तशीही उघडलेली असतात, तेव्हा हे कागद वाचायचे आणि तारखा बदलायच्या. मागच्या खेपेला त्या मशीन शॉपमध्ये पाकिटातले सिमही तपासले. त्याचे मासिक पैसे पुरवठादार अजून भरत होता, म्हणून त्यांना पत्र लिहून ते बंद करायला सांगितले आहे.